सगळ्यांचं एकच उत्तर

८ जुलै

प्रिय गुंडी,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून मी ते दोनदा वाचलं. तुझ्या शेजारची खोली रिकामी झाली आहे, तिची खिडकी पूर्वेला आहे, आणि घरमालकीण ती वर्षअखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवायला तयार आहे, हे वाचून शाळेत सुट्टीची घंटा ऐकल्यासारखं वाटलं. या वेळी नक्की. सहा वर्षं मी तुला 'पुढच्या वर्षी येते' म्हणते आहे आणि तू न भांडता ऐकते आहेस. तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सप्टेंबर संपायच्या आत दिली की डिसेंबरअखेर मी मोकळी.

दुकानाची बातमी अशी, की जुन्या मालकांच्या मुलांनी ते एका कंपनीला विकलं. कंपनीची अशी अकरा दुकानं आहेत, सगळी लोकरीची आणि भरतकामाच्या धाग्यांची. आमच्यावर एक नवी मॅनेजर नेमली आहे. तोंडावर मॅडम म्हणते, पण माझ्या भाचीच्या वयाची आहे, म्हणून तुला लिहिताना अगंतुगं करते. चालते अशी, की कुत्रं मागे लागलंय. पण मनाने बरी वाटते. आल्या आल्या तिने आम्हा सात जणांच्या हातात एकेक फॉर्म ठेवला. बदलासाठी दुकान किती तयार आहे, ते म्हणे वर कळवायचं आहे. बावीस प्रश्न. 'नवीन पद्धत शिकायची माझी तयारी आहे.' 'माझं म्हणणं इथे ऐकून घेतलं जातं.' प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी पूर्ण. नाव घालायचं नाही, ज्याने त्याने आपापलं भरायचं.

आपापलं भरायची आमच्याकडे रीत नाही. तो रेशमाच्या पेटीचा किस्सा तुला ठाऊक आहे. मी नवी होते. पेटी सापडेना, तेव्हा जुन्या मालकांनी एकेकीला आत बोलावून विचारलं. दोघींची उत्तरं बाकीच्यांशी जुळली नाहीत, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांना घरी पाठवलं. महिन्याने पेटी माळ्यावर सापडली. एकटीने उत्तर दिलं की एकटीच घरी जाते, हे मी तेव्हा शिकले. माझ्या हाती कारभार आल्यापासून कुठलाही कागद आला की चार वाजता चहाला लडी मोजायच्या टेबलाभोवती बसायचं, आधी मी भरायचं, मग माझं बघून बाकीच्यांनी.

कंपनीचं एक दुकान बदलाला टाळाटाळ करत होतं म्हणून बंद झालं, असं कानावर आलं होतं. म्हणून मी बावीसच्या बावीस प्रश्नांना पाच दिले. माळ्यावरचा माल सांभाळणाऱ्या मामांचा चष्मा घरी राहिला होता. ते म्हणाले, "बाई, पाच कुठल्या बाजूला?" चहा निवायच्या आत काम झालं.

इथे मला सगळे बाई म्हणतात. शिवणाच्या तासाला सिस्टरनी ठेवलेल्या नावाने हाक मारणारी तू एकटीच उरलीस.

तुझी टाचणी

१९ जुलै

प्रिय टाचणी,

खोली तुझी झाली. मी घरमालकिणीला शब्द दिला. खिडकीच्या कडेला ढेकणाएवढी फट आहे, ती बुजवून घेते. खाट पूर्वेकडे पाय करून लावली तरच दार उघडतं, हे मी स्वतः झोपून बघितलं.

मुलगा दर रविवारी फोन करून म्हणतो, आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. मी म्हणते, एकटी कुठे, टाचणी येते आहे. तो विषय बदलतो. माझा तेवढाच एक हुकमी पत्ता आहे, सांभाळून ठेव.

तुझ्या फॉर्मवरून मला सातवीतला नकाशा आठवला. तू नदी डोंगरावर चढवलीस, आणि आपल्या अख्ख्या रांगेच्या नद्या डोंगर चढल्या. सिस्टरनी रांग उभी केली. तू रडत म्हणालीस, शिक्षा मला एकटीला द्या. सिस्टर म्हणाल्या, शिक्षा तुलाच दिली आहे, यांना नुसतं उभं केलंय. मला तेव्हा अर्थ कळला नव्हता. चाळीस वर्षं ग्रंथालयात घालवली तरी अजून नीटसा कळलेला नाही.

नोटीस दिलीस की कळव. फोन करू नकोस, लिही. फोनवर तू 'सगळं छान' म्हणतेस, मी 'इथेही' म्हणते, आणि दोघी ठेवून देतो.

गुंडी

१२ ऑगस्ट

प्रिय गुंडी,

हे पत्र नोटीस दिल्याचं असायला हवं होतं. तसं ते नाही.

काल मॅडमने दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. हातात कागद, चेहरा फुललेला. अकरा दुकानांत सगळ्यात तयार दुकान आपलं आहे, म्हणाली. सात जणांचे सगळे आकडे पाच. वरच्या लोकांनी असं एकमत कुठे पाहिलेलं नाही, आणि असं एकमत नुसतं होत नाही, त्यामागे कुणीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग तिने माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तशा त्यांनीही वाजवल्या.

तर आता सगळे बदल आधी आमच्याकडे होणार, आणि ते करवून घेणार मी. दोन वर्षांचं काम आहे. कुणाचं ठरलेलं काउंटर राहणार नाही, सगळ्यांनी सगळीकडे उभं राहायचं. मागणी टॅबवर लिहायची. आणि राखणीचे कप्पे तीस दिवसांत रिकामे करायचे.

कप्प्यांबद्दल तुला कधी लिहिलं नसेल. स्वेटर विणणारी सगळी लोकर एकदम घेत नाही, लागेल तशी घेते. पण रंगवताना एका घाण्यातला रंग दुसऱ्या घाण्यात हुबेहूब उतरत नाही, म्हणून तिची उरलेली लोकर आम्ही चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो. असे एकशे चाळीस कप्पे आहेत. एका कप्प्यात नऊ वर्षांपूर्वीची पिवळी लोकर आहे, बाळाच्या अंगड्याची. ती बाई आली नाही. का आली नाही, ते मी मनात आणत नाही. दर शनिवारी डांबराच्या गोळ्या बदलते.

सभा संपल्यावर मॅडमने माझा हात धरला. म्हणाली, "तुम्ही नसतात तर मी हे अंगावर घेतलंच नसतं." नोटिशीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. मी हसले. माझं ते हसू तू पाहिलेलं आहेस, गिऱ्हाईक उसवलेला स्वेटर घेऊन परत येतं तेव्हाचं.

या आठवड्यात सांगतेच. अजून दीड महिना हाती आहे.

टाचणी

२४ ऑगस्ट

प्रिय टाचणी,

पेन नीट चालत नाही, म्हणून थोडक्यात.

नोटीस दिलीस का, एवढंच कळव.

गुंडी

२ ऑक्टोबर

प्रिय गुंडी,

तुझ्या दोन ओळी मी महिनाभर पर्समध्ये बाळगल्या. अक्षर वाकडंतिकडं, शब्द मोजके. तू रागावलीस की तुझं अक्षर असं होतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. राग रास्त आहे. मी नोटीस दिलेली नाही. सप्टेंबर संपला.

प्रयत्न केला नाही असं नाही. तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा ती वरच्यांशी फोनवर बोलत होती, "आमच्या बाई आहेत ना, मला काळजी नाही." एकदा तिने विचारलं, तुमचं काही काम होतं का, आणि मी म्हणाले, काही नाही, खिडकी लावायला आले होते. आणि खिडकी लावून आले.

दुकानात काय चाललंय ते तुलाच सांगू शकते. मॅडम समोर असली की सगळ्यांच्या हातात टॅब. ती पाठमोरी झाली की टॅब ड्रॉवरमध्ये पालथे, आणि जो तो आपापल्या जुन्या काउंटरवर. मामांनी कप्प्यांमधली सगळी लोकर उतरवली आणि माळ्यावर त्याच क्रमाने, चिठ्ठ्यांसकट लावून ठेवली. मी पाहिलं आणि मूग गिळले. मॅडम विचारते, अडतंय कुठे? मी म्हणते, सवय व्हायला वेळ लागतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. यांना पाहिजे तरी काय, करायचं की नुसतं दाखवायचं, असं त्यांना विचारायचं असावं. मला विचारलं तर मीही सांगू शकणार नाही. मॅडम, ती पोर, हल्ली दुपारचं जेवत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय.

मी गेले तर दुकान माझ्यामागे कोसळेल, आणि ते माझ्याच पाचांमुळे. निदान घडी बसेपर्यंत तरी थांबायला हवं. घरमालकिणीला विचार, सहा महिने आणखी थांबेल का. तूही थांबशीलच. तू नेहमीच थांबतेस.

टाचणी

११ ऑक्टोबर

टाचणी,

मी रागावलेली नव्हते. ऑगस्टमध्ये न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. त्या दोन ओळी डाव्या हाताच्या होत्या. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू दुकान आणि मी यांच्यामध्ये लोंबकळत बसली असतीस, आणि मला तुझ्या तोंडून स्वच्छ उत्तर हवं होतं.

मुलगा धावत आला. प्लॅस्टर निघेपर्यंत राहिला, भांडी घासली, वेणीसुद्धा घातली बिचाऱ्याने, दोरखंड वळल्यासारखी. रोज विचारायचा, तुझी मैत्रीण नक्की येणार ना? मी रोज म्हणायचे, येणार. सप्टेंबर संपला त्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, आणि तुझं नोटिशीचं पत्र आलेलं नव्हतं. त्याच्याकडे राहायला जायला मी हो म्हटलं. एक नोव्हेंबरला मी त्याच्याकडे जाते आहे. माझ्या खोलीचं भाडं त्याने मार्चअखेरपर्यंत भरून ठेवलंय, सामान हळूहळू हलवता यावं म्हणून. तुझी खोली मी सोडली.

एक लिहिते, मग गप्प बसते. तू सहा जणांच्या वतीने पाच लिहिलेस ते त्यांच्या भल्यासाठी, हे मला पटतं. पण 'तूही थांबशीलच' हे तू माझ्या वतीने लिहिलंस. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, की माझ्याने आता थांबवत नाही.

गुंडी

२९ ऑक्टोबर

प्रिय गुंडी,

तुझ्या मुलाचा पत्ता माझ्याजवळ नाही. हे जुन्याच पत्त्यावर टाकते, घरमालकीण पुढे पाठवेल.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी चार वाजता चहाला टेबलाशी गेले नाही. संध्याकाळी मॅडमच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सांगितलं, की ते सातही फॉर्म माझेच आहेत. टेबल, चहा, रेशमाची पेटी, सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो निकालाचा कागद खणातून काढून पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "बाई, माझी नोकरी त्या आकड्यांवर उभी आहे." मी म्हणाले, माझं नाव घेऊन वर कळवा. ती म्हणाली, तेही मीच ठरवीन.

दुसऱ्या दिवशी तिने नवे फॉर्म काढले. आधी माझा भरून घेतला आणि म्हणाली, आता तासभर बाहेर जा. बाकीच्यांना एकेकाला मागच्या खोलीत बसवलं. मी समोरच्या बाकावर जाऊन बसले. छत्तीस वर्षांत कामाच्या वेळी मी दुकान बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. काचेतून आत सगळं नेहमीसारखं चाललेलं दिसत होतं. एक गिऱ्हाईक आलं, निळी लोकर घेऊन गेलं. हसतच गेलं.

उत्तरं बघायची का, असं तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. नाव नसलं तरी अक्षरं मला पाठ आहेत. गल्ल्यावरचीने सगळीकडे चार लिहिलेत. सुयांच्या काउंटरवर एक दोन मुलींची आई आहे, तिने पाच. नुसत्या एक आणि दोन आकड्यांनी भरलेला फॉर्म एकच होता, तो माझा. या वेळी मी खरं भरलं होतं.

शेवटी एक ओळ लिहायची होती, बदलाच्या आड काय येतं. मामांनी लिहिलं होतं, 'शिडी आणि गुडघे'. एकीने लिहिलं होतं, 'बाईंना वाईट वाटेल'. बाकी चौघींनी एकच शब्द लिहिला होता, 'बाई'. या वेळी कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नव्हतं.

सुयांवरची नंतर माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "मी घरी दोन वर्षांपासून टॅब वापरते. तुम्ही बघत होतात, म्हणून मी हळू चालवत होते." मी तिला म्हणाले, मग मला सांगायचंस की. ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

गुंडी, इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी त्यांच्यासाठी दारात उभी आहे. दारात उभं राहिलं की दार अडतं, हे ध्यानात आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी नोटीस दिली. मॅडमने कागद घेतला, वाचला, खणात ठेवला. तिने 'थांबा' म्हटलं नाही. मी दारापर्यंत अगदी हळू गेले, तरी नाही. जानेवारीअखेर सुटेन. तुझ्यासाठी उशीर झाला हे मला कळतं. मनगट कसं आहे?

टाचणी

२० नोव्हेंबर

प्रिय टाचणी,

पत्र फिरत फिरत आलं. मी दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. तू सुटलीस, फार बरं वाटलं. चार जणींनी लिहिलं ते लागलं असेल. मला इथे बसून त्या चौघींचा रागही आला आणि त्यांचं पटलंही.

मनगट बरं आहे. मीही बरी आहे. इथे सगळे फार चांगले आहेत, आणि हे मी खरंच म्हणते आहे. सूनबाई मी मागायच्या आत चहा आणते. भांडं उचलायला गेले की म्हणते, आई, तुम्ही बसा. मी बसते. या घरात बसायला सात जागा आहेत, मी मोजल्या. न्हाणीघरात मुलाने तीन ठिकाणी कठडे लावलेत आणि आतली कडी काढून टाकली आहे, मी पडले तर आत येता यावं म्हणून. एकटी फिरायला निघाले तर नात पायात चपला घालून तयार असते. तिला कुणीतरी सांगून ठेवलंय.

तक्रार कशाची करायची? कुणी वाईट वागलं असतं तर भांडून निघाले असते. परवा कपाटातली पुस्तकं विषयवार लावली. संध्याकाळी मुलाने पाहिलं आणि म्हणाला, आई, दमलीस कशाला? दुसऱ्या दिवशी सूनबाईने ती पुन्हा उंचीप्रमाणे लावली.

तू माझ्यासाठी म्हणून तिकडे जाऊ नकोस. मी तिथे नाही.

गुंडी

४ फेब्रुवारी

प्रिय गुंडी,

वरचा पत्ता बघितलास? पूर्वेच्या खिडकीतून लिहिते आहे. तू सोडल्यावर ही खोली कुणी घेतली नव्हती. खिडकीची फट तू बुजवून घेतली होतीस, तरी वारा दुसरीकडून येतो. खाट तू सांगितलीस तशीच लावली.

तुझ्यासाठी आले असं म्हणणार नाही. मला इथे यायचं होतं, म्हणून आले. हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला लोकरीची शाल दिली. प्रत्येकीने हातभर विणलेली, त्यामुळे कुठे घट्ट, कुठे सैल. माझी जागा सुयांवरचीला मिळाली. मॅडमची नोकरी राहिली, पण वरच्यांनी तिला पुष्कळ ऐकवलं म्हणे. माळ्यावरच्या लोकरीचं काय करायचं ते मी विचारलं नाही. तीन दिवसांपूर्वी राहवलं नाही, म्हणून फोन केला. गल्ल्यावरचीने 'बाई, गर्दी आहे, नंतर करते' म्हणून ठेवला. अजून केलेला नाही. सकाळी सहाला उठते आणि नऊपर्यंत काय करायचं ते कळत नाही. नऊनंतरही कळत नाही. मोकळं होणं मला वाटलं होतं तसं नाही, हे तुला खोटं कशाला सांगू?

तुझ्या खोलीला कुलूप आहे. मार्चअखेर घरमालकीण ती दुसऱ्या कुणाला देणार. तिने मला विचारलं, त्या परत येणार आहेत का? जिभेवर 'हो' आलं होतं. मी म्हणाले, मला माहीत नाही, त्यांनाच विचारा.

तेव्हा मी विचारते आहे. तुला यायचं आहे का? आलीस तर मला फार आवडेल. आली नाहीस तरी मी इथे राहणार आहे, माझी काळजी मध्ये आणू नकोस. नाही म्हणायचं असेल तर नाही लिही. मी वाचू शकेन.

टाचणी

१५ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

यायचं आहे. त्यात विचार करण्यासारखं काही नाही, तुझं पत्र वाचता वाचताच ठरलं. घरमालकिणीला मी अजून कळवलेलं नाही, कारण मुलाला सांगायचं राहिलंय.

रविवारी सांगणार होते. त्या दिवशी सूनबाईने माझ्या खोलीला नवे पडदे लावले, मला आवडेल असं कापड मिळावं म्हणून तिने दोन दुकानं पालथी घातली होती. काल सांगणार होते, तर नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि मुलगा आमच्याकडे बघत उभा राहिला. मग आज जेवताना नक्की, असं ठरवून हे पत्र लिहायला घेतलं. 'सांगितलं' असं लिहूनच पाकीट बंद करायचं होतं.

मुलगा आत्ताच आला. माझ्यासाठी आरामखुर्ची घेऊन आलाय. मोठी आहे, जिन्याच्या वळणावर अडकली आहे. तो, सूनबाई आणि शेजारचे गृहस्थ, तिघं मिळून ती वर चढवत आहेत, आणि तो खालून ओरडून मला विचारतो आहे, आई, खिडकीजवळ ठेवू ना?

गुंडी